गाडीची खांदमळणी

माझ्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी आहे. मधली तीन बोटं धरणगावच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, रोलरनं नेली, एकावन्न सालच्या मार्गशीर्षात. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक माझ्याशी बोलताना तोंडाकडे न बघता हाताकडे बघतात आणि मला राग येतो. राग मला लवकर येतो. तो आबांकडून आलाय.

आबा म्हणजे माझे वडील, उखर्डू ढाके. आमचं गाव जळगावापासून तीन कोसांवर, चार एकर केळी आणि थोडा कापूस. लढाईच्या दिवसांत मी फौजेत होतो, आसामच्या चिखलात मोटारसायकलवरून डाक पोचवायचो. परत आलो तो यंत्राचं वेड घेऊनच. मग वर्षातले चार महिने जिनात आणि उरलेले आठ महिने केळीची बैलगाडी हाकून जळगावच्या मालधक्क्यावर, असं माझं चालायचं. दोन्हीकडे आबांच्या शिव्या ठरलेल्या. सकाळी 'उठला का कुंभकर्णा' इथून त्यांची सुरुवात व्हायची आणि रात्री निजेपर्यंत तोंड चालू. गाडी वेळेवर पोचली तरी शिव्या, उशिरा पोचली तरी शिव्या. गावात म्हणायचे, उखर्डूआबांचं इंजिन कधी बंद पडत नाही.

बोटं गेली आणि ते इंजिन बंद पडलं.

दवाखान्यातून घरी आलो तर आबा मला 'बापा' म्हणायला लागले. "राहू दे बापा, मी करतो." "बैस बापा, सावलीत बैस." मी कासरा हातात घेतला की हळूच येऊन काढून घ्यायचे. एकदा मी मुद्दाम चाऱ्याचा भारा चिखलात पाडला. पूर्वी असं झालं असतं तर माझ्या सात पिढ्या निघाल्या असत्या, आणि त्यात ते स्वतःही आले असते. पण ते खाली वाकले, भारा उचलला आणि काही न बोलता निघून गेले. त्या दिवशी मी विहिरीमागे जाऊन रडलो. बोटं गेली तेव्हा एवढा रडलो नव्हतो.

दोन वर्षं असं चाललं. आमच्याकडे वर्षभराचा गडी, सालदार, आखाजीला म्हणजे अक्षय्यतृतीयेला ठरतो, एका आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत. चोपन्न सालच्या आखाजीपासून तोताराम नावाचा सालदार माझ्या गाडीवर बसणार आणि मी मळ्यातल्या तेलाच्या इंजिनाशेजारी खाट टाकून ते इंजिन राखणार, असं आबांनी ठरवून टाकलं. मला विचारलंही नाही. मी तेहतीस वर्षांचा होतो.

"मी हाकू शकतो गाडी," मी म्हटलं.

"हो बापा, हो," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

आता अभिमनचं सांगतो. हा जिनातला फिटर, धरणगावचाच, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझा हात रोलरमध्ये गेला तेव्हा पट्टा खेचून मशीन थांबवणारा तोच. जिनाचे मालक भिकमचंदशेठ यांनी देवळालीच्या लिलावात फौजेचं भंगार घेतलं होतं. त्यात तीन मोटारसायकलींचे सांगाडे होते, एकही धड नाही. अभिमननं ते शेठजींकडून मागून घेतले आणि एक दिवस सायकल मारत आमच्या मळ्यात आला.

"पितांबरभाऊ," तो म्हणाला, "धुयाले मोटारसायकलनी शर्यत शे. माघमा. शनवार-रयवार, दोन दिवस. चालशी का?"

मी त्याला हात दाखवला. "क्लच काय दातानं दाबू?"

"दात कसाले? पाय शेत ना तुले!"

चार महिने तो त्या गाडीमागे होता आणि मी त्याच्यामागे. मळ्यात मला काही काम नव्हतंच, कुणी विचारलंही नाही कुठे जातोस म्हणून. एका सांगाड्याची चौकट, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची चाकं. क्लच त्यानं डाव्या पायावर आणला. शिलाईच्या मशीनला असतो तसा पायटा बसवला: पुढचा पंजा दाबला की क्लच, टाच दाबली की मागचा ब्रेक. क्लचच्या तबकड्यांचं अस्तर मिळेना, म्हणून जिनातल्या जुन्या पट्ट्याचं चामडं कापून लावलं. ते तापू नये म्हणून क्लच उघडा ठेवला, वर नुसती जाळी. डाव्या हँडलला बाभळीचा दांडा, माझा पंजा मापून तासलेला, अंगठा आणि करंगळी बरोबर बसतील असा. तो त्यानं सात वेळा तासला. सातव्यांदा मी हात ठेवला आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा हात अख्खा आहे.

जिनामागच्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी सोडली तेव्हा दोनदा पडलो. पायाला कळेना, पंजा कधी आणि टाच कधी. आठवडाभरात कळायला लागलं. मग एका संध्याकाळी धरणगाव ते एरंडोल आणि परत, मी एकटा, पन्नास मैलांच्या वेगानं. तोंडात धूळ आणि डोळ्यांत पाणी. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आता आठवत नाही, पण रस्त्यावरच्या बाया बाजूला होऊन बघत होत्या.

घरी आबांना सांगितलं. मला वाटलं, आता तरी भडकतील. म्हणाले, "संभाळून जाजो बापा."

मी तोंडावर सांगितलं, "आबा, शर्यत पुरी केली तर तोताराम येणार नाही. गाडी मी हाकणार."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शुक्रवारी मी आणि अभिमन गाडीवरून धुळ्याला गेलो. शनिवारी दुपारी बघतो तर एसटीतून आबा उतरलेले, आणि त्यांच्याबरोबर झिपरूनाना, काखेत गाडगं.

झिपरूनाना आमचे चुलत चुलते. साऱ्या पंचक्रोशीत त्यांच्या पटाच्या बैलांना तोड नाही. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, त्यांची जोडी पळाली की लोक टोप्या उडवतात. मोटारसायकल त्यांनी जवळून कधी पाहिली नव्हती.

"पट म्हटला की मी येनारच," ते म्हणाले. "बैल असो नाही तं लोखंड असो. हे लोनी, तुह्या आईनं धाडलं."

धुळ्याबाहेर माळावर शर्यतीची चक्कर आखली होती, दीड मैलाची. चुन्याच्या रेघा, बांबूला बांधलेल्या लाल चिंध्या, दोन मोठी वळणं आणि मध्ये एक कोरडा नाला. खाली उतरायचं, गोट्यांतून जायचं आणि वर चढायचं. भोंगे लावलेले, उसाचा रस, भजी, शेव. गल्ली नंबर एकपासून सातपर्यंतचं धुळे तिथं लोटलं होतं, शिवाय खेड्यापाड्यांतल्या बैलगाड्या. मुंबई, नाशिक, इंदूरहून आलेले गाडीवाले. त्यांच्या गाड्या अशा चकचकीत की आमच्या गाडीकडे बघून मला तिच्यावर गोणपाट टाकावंसं वाटलं. मुंबईचा सोराब म्हणून एक पारशी होता, चामड्याचं जाकीट घातलेला, सर्वांत नावाजलेला. तो आमच्या गाडीजवळ आला, वाकून वाकून पायटा पाहिला आणि अभिमनला म्हणाला, "हे तू केलं? एकदम ग्रँड." अभिमन लाजून पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

तपासणीला एक साहेब होते. त्यांनी गाडी पाहिली, मग माझा हात पाहिला. "तुम्हाला परवानगी देता येणार नाही."

माझं डोकं फिरलं. "का? शर्यत बोटांची आहे का?"

साहेबही तापले. अभिमननं मध्ये पडून त्यांना हात जोडले आणि माझा सदरा मागून ओढला. शेवटी साहेबांनी दोन पिंपं मांडायला लावली, दहा पावलांवर. त्यांच्यामधून आठचा आकडा काढायचा, पाच वेळा, पाय जमिनीला न लावता. मी नऊ वेळा काढला. साहेब 'पुरे' म्हणाले तरी थांबलो नाही. लोक मोजत होते, तेव्हा थांबायचं कसं?

छातीवर सतरा नंबर मिळाला. शनिवारच्या चाचणीत तेहतीस गाड्या पळाल्या, त्यातून रविवारसाठी बारा निवडायच्या. मी पाचवा आलो. भोंग्यावर नाव पुकारलं, "सतरा नंबर, पितांबर उखर्डू ढाके, पूर्व खानदेश," आणि भिकमचंदशेठ, जे फक्त अर्धा तास बघायला म्हणून आले होते, खुर्चीवर उभे राहून "अपने जिन का आदमी!" असं ओरडले. मी आबांकडे पाहिलं. ते झिपरूनानांशी हळू आवाजात काही बोलत होते. माझ्याशी एवढंच म्हणाले, "दमला असशीन. जेव."

मग अभिमनजवळ जाऊन गाडीभोवती हिंडले. नाना खाली बसून चाकाला बोट लावत होते.

"याचा जोर कुठी येतो रे?" आबांनी अभिमनला विचारलं.

अभिमननं क्लचच्या जाळीवर थाप मारली. "बठ्ठा जोर आठेच, आबा. इंजिन वढस, चाक पयस, पन भार हाई तबकडीवर. हाई गयी का गाडी गयी."

आबांनी मान हलवली. नानांनीही हलवली. आम्ही भजी खायला गेलो.

रविवारी सकाळी आठला शेवटची शर्यत. साडेसहाला मी आणि अभिमन चक्कर पायी फिरायला गेलो, नाल्यातला दगड न् दगड बघायला. गाडीपाशी आबा आणि नाना होते. परत आलो तर टाकीवर हळदीकुंकवाचं बोट ओढलेलं होतं. मला बरं वाटलं. आबा दिसले नाहीत, गर्दीत वळणापाशी जागा धरायला गेले असतील असं वाटलं. किक मारली तर जरा मऊ लागली, पण माझ्या डोक्यात नाल्यातले दगड होते, कोण तिकडे लक्ष देतो. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. न्यूट्रलमध्येच ढकलत ओळीत नेली.

बारा गाड्या ओळीत. बारा इंजिनांचा आवाज छातीत वाजत होता. डावीकडे सोराब, उजवीकडे महूच्या छावणीतला एक हवालदार, जाड मिशांचा. त्यानं माझ्याकडे बघून सलाम केला, फौजेतला फौजेतल्याला करतो तसा. निशाण वर गेलं. मी पंजा दाबला, गिअर टाकला, मूठ पिळली. निशाण पडलं आणि मी पंजा सोडला.

अकरा गाड्या गेल्या. माझी जागची हलली नाही.

इंजिन नरड्याच्या शिरा ताणून किंचाळत होतं आणि चाक म्हाताऱ्या बैलासारखं पाऊलभर सरकून उभं राहत होतं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. क्लच धरीचना. जाळीतून धूर यायला लागला, आणि धुराला वास आला. पेट्रोलचा नाही, चामड्याचा नाही. तुपाचा! घरात लोणी कढवताना येतो तो वास. कडेची माणसं नाक वर करून हुंगत होती. एक बाई म्हणाली, "बाई, तूप कोन कढवी राहिनं?"

अभिमन दोरीवरून उडी मारून धावत आला. जाळीत बोट घातलं, बाहेर काढलं, पिवळंधमक. त्यानं ते बोट चाटलं. "लोनी शे," तो म्हणाला. "हयद आनि लोनी!"

माझा तोल गेला. "कोण तो?" मी ओरडलो. "कोणत्या बैलानं हात लावला माझ्या गाडीला? अक्कल गहाण टाकली का त्यानं? कोण आहे तो गाढव, पुढे ये!"

गर्दी दुभंगली आणि आबा पुढे आले. दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. धोतरालाही हळद. मागे झिपरूनाना, रिकामं गाडगं घेऊन.

"म्या खांदे मळले रे तिचे," आबा म्हणाले. "पटाच्या आधी मळतोच ना आपन. भार जिथी, तिथी लोनी लावा लागते. नाही तं सोलते. तो अभिमनच बोलला का भार इथी आहे म्हनून."

आमच्याकडे ओझं ओढणाऱ्या बैलाचा खांदा हळद-लोण्यानं मळतात, पोळ्याला तर नेमानं आणि पटाच्या दिवशीही. आबांनी आणि नानांनी रात्रभर विचार करून गाडीचा खांदा शोधून काढला होता. आणि बरोबर शोधला होता, हीच तर पंचाईत. जाळीत बोटं घालघालून त्यांनी आईचं अख्खं गाडगं त्या चामड्यात जिरवलं होतं.

मी पिळलेली मूठ सोडली. भर मैदानात बापाला बैल आणि गाढव म्हटलं होतं. आणि तरीही आबांनी मला काही म्हटलं नाही. मान खाली घातली. चिखलातला भारा उचलताना घातली होती तीच मान. त्या मानेनं मला शर्यतीपेक्षा जास्त घाबरवलं.

अभिमनला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला एकच गोष्ट दिसत होती, की चामडं निसटतंय. जिनात पट्टा निसटायला लागला की फिटर काय करतो? राळ टाकतो. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, पिवळा, काचेसारखा. जिनातल्या फिटरच्या कंबरेला तिचा खडा असतोच, पानवाल्याच्या चुन्यासारखा. त्यानं खडा काढला, पान्यानं मडगार्डवर ठेचला आणि जाळी उचकटून मूठभर भुकटी आत मारली.

"दाब. आते सोड. दाब. सोड! लोनी गये, आते धरी!"

मी पंजा सोडला. क्लचनं अशी काही पकड घेतली की पुढचं चाक हवेत गेलं, अभिमन बाजूला कोलमडला आणि मी निघालो.

दहा चकरांची शर्यत. मी निघालो तेव्हा पुढचे पाऊण चक्कर पुढे होते. पहिल्या वळणावर मला समोर फक्त त्यांची धूळ दिसत होती. मी जिंकणार नाही हे मला माहीत होतं, पण थांबणार नाही हेही माहीत होतं. नाल्याच्या उतारावर गाडी सोडली, गोटे चाकाखालून बंदुकीच्या गोळ्यांसारखे उडाले, आणि वर चढताना मला एक गोष्ट कळली. बाकीच्यांना नाल्यात गिअर बदलताना डाव्या हाताची पकड सैल करून क्लच ओढावा लागत होता. तिथंच त्यांची हँडलं डुगडुगत होती. माझे दोन्ही हात मात्र जागच्या जागी. बाभळीचा दांडा तळव्यात रुतलेला आणि क्लच पायाखाली. जो नाला बाकीच्यांना शत्रू होता, तो माझा निघाला.

दुसऱ्या चकरेत नाल्यात नाशिकचा एक जण आडवा झालेला दिसला. त्याला वळसा घातला. तिसऱ्या चकरेत दोघांची इंजिनं बसलेली होती, एक जण गाडीला लाथ मारत होता. चौथ्या चकरेत नाल्याच्या चढावर मी दोघांना एकदम मागे टाकलं आणि भोंगा बोंबलला, "सतरा नंबर! सतरा नंबर कुठून आला?"

नाला चढून वर आलं की वळणाच्या आतल्या बाजूला दोरीपाशी आबा आणि नाना उभे होते. दर चकरेला एक क्षणभर दिसायचे. दुसऱ्या चकरेत आबा खाली बसलेले, पिवळे हात डोक्याला. तिसऱ्या चकरेत उभे. पाचव्या चकरेत त्यांच्या डोक्याला पागोटं नव्हतं. सहाव्या चकरेत इंदूरच्या दोघांपैकी एकाला मी वळणावर बाहेरून मागे टाकलं आणि घसरलो. चाक चुन्याच्या रेघेवरून गेलं, माझा गुडघा जमिनीला घासला, धोतर फाटलं. गाडी कशीबशी सावरली. मान वर केली तर समोर आबा.

दोरी ओलांडून आत आलेले. पागोटं मुठीत. मानेच्या शिरा फुगलेल्या आणि तोंड उघडतंय, मिटतंय, उघडतंय. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षरही ऐकू आलं नाही. पण तीस वर्षं ते तोंड मी पाहिलेलं होतं. त्या ओठांवरून कोणती शिवी निघतेय हे मला न ऐकताही वाचता येत होतं.

आबा मला शिव्या देत होते!

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी धुळीनं भरलेल्या तोंडानं हसायला लागलो. सातव्या चकरेत मी सगळ्यांत जास्त वेगानं गेलो, असं नंतर घड्याळवाल्यानं सांगितलं. आठव्या चकरेत आबा आणखी पुढे आलेले, दोन स्वयंसेवक त्यांना काखेत धरून मागे ओढत होते आणि ते ओढले जाताजाताही माझ्या दिशेनं हात फेकत होते. मागे झिपरूनाना रिकामं गाडगं बडवत होते.

नवव्या चकरेत माझ्यापुढे तिघे उरले. सोराब फार पुढे, त्याच्यामागे इंदूरचा उरलेला, आणि माझ्या पुढ्यात महूचा हवालदार. हवालदार पक्का होता. वळणावर मला आतही येऊ देईना, बाहेरही. शेवटच्या चकरेत नाल्याच्या तोंडाशी आम्ही बरोबरीनं आलो. दोघंही एकदमच उतारात घुसलो. तळाशी त्यानं क्लचसाठी बोटं उचलली, हँडल एका गोट्यावर वीतभर सरकलं, आणि तेवढ्यात मी पंजा दाबून सोडला. चढावर मी अर्ध्या गाडीनं पुढे. वळणावर एका गाडीनं. मग सरळ रस्ता, मूठ पिळायला जागा उरली नाही इतकी पिळलेली, पोट टाकीवर, नाकात पुन्हा तुपाचा वास. पांढरी रेघ चाकाखालून गेली तरी मी थांबलो नाही, अर्धी चक्कर जास्तच मारली.

तिसरा. बारा जणांत तिसरा, पाऊण चक्कर मागून निघून. लोकांनी गाडीसकट मला उचलायचा प्रयत्न केला आणि सायलेन्सरला हात लागून दोघे भाजले. हवालदारानं मिठी मारली. सोराब पहिला आला होता. तो स्वतःचा हार घेऊन अभिमनच्या गळ्यात घालायला गेला, पण अभिमन गाडीखाली आडवा पडून क्लच बघत होता. भिकमचंदशेठ भेटेल त्याला सांगत होते की भंगार त्यांचं होतं.

आणि मग गर्दी कोपरानं हटवत आबा आले. पागोटं नाही, आवाज बसलेला.

"साहाव्या चकरेले बाह्येरून कायले घेतली रे, अकलेच्या कांद्या?" त्यांनी सुरुवात केली. "आतून एवढी वाट पडली होती, बैलगाडी गेली असती! डोये कुठी ठेवले होते, घरी? मेला असता म्हंजे? धोतर फाडलं ते फाडलं, नवं होतं ते! आन् हसतो काय? दात काय दाखवतो? भर मैदानात बापाले बैल म्हनतो, ते घरी गेल्यावर पाहतो मी!"

मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला ते पुसायची लाज वाटली नाही.

संध्याकाळच्या एसटीला अभिमन आणि झिपरूनाना बसले. आबा बसेनात. "त्या खोक्यात मी येनार नाही," म्हणाले, आणि गाडीच्या मागच्या कॅरिअरवर गोणपाटाची घडी टाकून, मला न विचारता, धोतर सावरून बसले. पिवळे हात माझ्या कमरेभोवती. दोन वर्षांपासून त्यांनी मला कासरा धरू दिला नव्हता, आणि आता सत्तावन्न मैल ते माझ्या हवाली झाले होते. मी पायटा जपून दाबला, जपून सोडला. क्लचनं धरलं.

"हळू! हळू हाक! खड्डा दिसत नाही का?" धुळ्याच्या नाक्यापाशीच ते सुरू झाले.

पारोळ्याला चहासाठी थांबलो. बशीत चहा ओतून फुंकता फुंकता आबा एकदम म्हणाले, "उद्या तोतारामाले सांगजो. आखाजीले येऊ नको म्हना."

मी बशी खाली ठेवली. "तुम्हीच सांगा की आबा. बोलणं तुम्ही केलंय."

"मी कायले सांगू?" ते माझ्यावर खेकसले, इतके जोरात की चहावाला दचकला. "गाडी ज्याले हाकाची आहे, त्यानं सांगावं! सारं बापानंच कराचं का? आन् परवा केळीचे घड धक्क्यावर न्याचे आहेत, ते ध्यानात ठेवजो, कुंभकर्णा. उशीर झाला तं पाह्य."

मी मान डोलावली. चहाचे पैसे दिले. आम्ही पुन्हा गाडीवर बसलो. एरंडोल गेलं, जळगाव गेलं, गावची वाट लागली, आणि आबांचं तोंड एकदाही बंद पडलं नाही. दोन वर्षांची सगळी थकबाकी त्यांनी एका संध्याकाळी माझ्या कानात ओतली. मी गाडी मुद्दाम हळू चालवली.